खेळचित्रांतील रंगसंस्करण : साक्ष, वातावरण आणि खूण
(गार्डन रीचच्या संदर्भात)

१.

खेळ आणि रंग यांचे नाते मराठी भाषेने फार पूर्वीच ओळखलेले आहे. डाव रंगतो, खेळाडू रंगात येतो, आणि एखाद्याच्या आततायीपणामुळे रंगाचा बेरंग होतो. पत्त्यांच्या खेळात तर 'रंग' या शब्दाने वर्णाचा बोध होत नाही. एका चिन्हाच्या पानांचा समूह असाच त्याचा अर्थ असतो. तांबडी बदाम आणि तांबडी चौकट हे दोन वेगळे रंग ठरतात, ते या अर्थाने. खेळातील रंग डोळ्यांना सुखवण्यापूर्वी खेळाडूला काही सांगत असतो, ही जाणीव या शब्दप्रयोगात दडलेली आहे.

संगणकीय खेळांची चर्चा आपल्याकडे बहुधा मुलांवरील परिणाम, व्यसन आणि हिंसा यांच्या अंगाने होते. ती चर्चा आवश्यक आहे. तथापि खेळ हे एक दृश्य संहिताही आहे आणि त्या संहितेचे वाचन करता येते, याकडे मराठी समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. प्रस्तुत लेखात त्या वाचनाचा एकच धागा घेतला आहे : खेळासाठी तयार केलेल्या चित्रांच्या रंगांत नंतर केले जाणारे फेरफार, अर्थात रंगसंस्करण. हे काम तंत्रज्ञाच्या आवडीनिवडीचे मानले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ते अर्थनिर्णयाचे काम आहे, आणि म्हणून भाषांतराइतकेच समीक्षेच्या कक्षेत येते.

रंगसंस्करणात नेमके काय घडते, हे प्रथम पाहिले पाहिजे. पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या प्रमाणातून सिद्ध होतो. प्रत्येक प्रकाशाच्या २५६ पायऱ्या धरल्या, तर १,६७,७७,२१६ रंग शक्य होतात. एवढ्या रंगांतून निवड करताना चित्रकार तीन कळा फिरवतो : वर्ण, म्हणजे तांबडा की पिवळा की निळा, गडदपणा, म्हणजे तो वर्ण किती शुद्ध वा किती करडा, आणि उजळपणा. फोटोशॉपसारख्या साधनात एखादे चित्र उघडून या तीन कळा हलवल्या की दुपारची संध्याकाळ होते, हिरवे गवत वाळते, नवी भिंत जुनी दिसू लागते.

खेळांच्या बाबतीत आणखी एक पायरी असते. खेळातील दृश्य आधी रंगवून ठेवलेले नसते. खेळाडू हलेल तसे ते क्षणोक्षणी घडत जाते. त्यामुळे एकेक चित्र दुरुस्त करणे अशक्य असते. त्यावर उपाय म्हणून रंगांची एक सारणी तयार करतात. एखाद्या नमुनादृश्याचे रंग हवे तसे बदलले जातात आणि कोणत्या मूळ रंगाच्या जागी कोणता नवा रंग यावा, याची नोंद या सारणीत होते. अनरीअल इंजिनसारख्या प्रणालीत ही सारणी २५६ बिंदू रुंद आणि १६ बिंदू उंच अशा एका चिंचोळ्या चित्रपट्टीत मावते. तीत केवळ ४०९६ नोंदी असतात. मधल्या छटा गणिताने काढल्या जातात. पुढे खेळातील प्रत्येक दृश्य या सारणीतून गाळून पडद्यावर येते. एक संपूर्ण शहर, त्यातील माणसे, नदी, आकाश, सारे एका बोटभर पट्टीच्या हुकमतीखाली असते. ही पट्टी कोणी, कशासाठी आणि कोणत्या स्मृतीच्या आधारे तयार केली, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही.

२.

या प्रश्नाचा विचार एखाद्या स्थळाच्या आधाराने करणे सोयीचे आहे. कोलकात्याच्या नैर्ऋत्येस हुगळीच्या पूर्व काठावर वसलेला गार्डन रीच हा भाग त्या दृष्टीने लक्षणीय वाटतो. मराठी वाचकाला हे नाव अगदीच परके नसावे. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेचे मुख्यालय येथे होते, आणि तिची उत्तराधिकारी असलेल्या दक्षिण पूर्व रेल्वेचेही ते येथेच आहे. नागपूरला कलकत्त्याशी जोडणाऱ्या रुळांचा कारभार या नदीकाठावरून चालला. परंतु येथे अभिप्रेत असलेला मुद्दा वेगळा आहे. या एका स्थळाच्या परिसरात रंगाकडे पाहण्याच्या तीन निरनिराळ्या रीती इतिहासक्रमाने एकत्र आलेल्या दिसतात.

पहिली रीत निसर्गदृश्यांची. अठराव्या शतकात कंपनीच्या धनिक अधिकाऱ्यांनी येथे नदीकाठी बागबंगले बांधले. स्थळाचे नावच त्यावरून पडले. समुद्रमार्गे येणाऱ्या प्रवाशाला शहराचे पहिले दर्शन या बंगल्यांच्या रांगेतून घडे. कलकत्त्याची दृश्ये याच काळात छापली जाऊ लागली. टॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम यांनी १७८६ ते १७८८ या काळात कलकत्त्याची बारा दृश्ये ताम्रपटावर कोरून तेथेच छापली, आणि ती हाताने रंगवण्याच्या कामी स्थानिक चित्रकारांचे साहाय्य घेतले. पुढे जेम्स बेली फ्रेझर याची कलकत्ता व परिसराची दृश्ये १८२४ ते १८२६ या काळात लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. गार्डन रीचच्या समोरच्या तीरावरील वनस्पती उद्यान आणि तेथील नदीचा पट्टा दाखवणारे दृश्य त्यांत आहे.

या छापांची प्रक्रिया आजच्या रंगसंस्करणाशी विलक्षण मिळतीजुळती आहे. ताम्रपटावरून रेषा आणि छायाप्रकाश उमटत असे. वर्ण नंतर चढवला जाई. एकाच पटाच्या दोन प्रतींत आकाश वेगळे असू शके. लंडनमध्ये बसून रंग भरणाऱ्या कारागिराने हुगळी पाहिलेली असण्याचे कारण नव्हते. समोर ठेवलेला नमुना आणि ग्राहकाची अपेक्षा, हीच त्याची सारणी. या अपेक्षेत पौर्वात्य नदी शांत, आकाश फिकट सोनेरी आणि झाडी मऊ असणे बसत होते. भरतीओहोटीच्या हुगळीचे मातकट पाणी, श्रावणातले शिसवी ढग यांना त्यात फारसे स्थान नव्हते. रंगाचे कार्य येथे वातावरणनिर्मितीचे आहे, आणि ते वातावरण पाहणाऱ्याच्या मनात आधीच तयार असते.

दुसरी रीत समोरच्या तीरावरची. शिबपूरचे वनस्पती उद्यान १७८७ मध्ये स्थापन झाले. विल्यम रॉक्सबर्ग १७९३ पासून त्याचा अधीक्षक होता. त्याने भारतीय चित्रकारांकडून वनस्पतींची अडीच हजारांहून अधिक चित्रे काढवून घेतली. या चित्रांत रंगाला सवलत नाही. पाकळीच्या तळाशी असलेली जांभळी झाक, पानाच्या मागील बाजूचा फिका हिरवा, कोवळ्या फांदीचा तांबूसपणा हे सारे वनस्पती ओळखण्याची साधने आहेत. चित्रकाराने शोभेसाठी एक छटा चढवली, तर ती जात दुसरीच ठरण्याचा धोका. येथे रंग ही साक्ष आहे. ज्या नदीच्या एका काठाची दृश्ये ग्राहकाच्या मनाप्रमाणे रंगत होती, तिच्याच दुसऱ्या काठावर बहुतांशी अनामिक राहिलेले हे चित्रकार रंगाच्या बाबतीत शपथेवर बोलत होते, ही गोष्ट मार्मिक आहे.

तिसरी रीत मटियाबुर्जची. अवधचा पदच्युत नवाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये कलकत्त्यास आला. १८५७ च्या उठावाच्या काळातील फोर्ट विल्यममधील कैद वगळता १८८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो गार्डन रीचलगतच्या मटियाबुर्ज येथे राहिला. येथे त्याने लखनौची प्रतिसृष्टी उभारण्याचा उद्योग केला. ज्यांचे बालपण येथे गेले ते उर्दू लेखक अब्दुल हलीम शरर यांनी त्या वैभवाचे वर्णन करून ठेवले आहे. नवाबाबरोबर त्या नगरीचे षौकही आले : कबुतरबाजी आणि पतंगबाजी. या दोन्ही खेळांत रंगाचे कार्य अगदी वेगळे आहे. आकाशात शेकडो हात उंच गेलेला पतंग आपला की परका, हे रंगाच्या पट्ट्यांवरून आणि ठिपक्यांवरून ठरते. थवा उडाला की त्यात मिसळलेले परके कबूतर पिसाऱ्याच्या रंगावरून हेरले जाते. पतंग सुंदर असावा हे खरेच; परंतु राखाडी आभाळावर राखाडी पतंग उडवणारा हरणारच. येथे रंग ही खूण आहे आणि खूण हा नियमाचा भाग आहे.

वातावरण, साक्ष आणि खूण अशी रंगाची तीन कार्ये या एका परिसराने आपल्यापुढे ठेवली. खेळचित्रांच्या समीक्षेला ही त्रयी उपयोगी पडते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण संगणकीय खेळातील रंगाला ही तिन्ही कार्ये एकाच वेळी करावी लागतात, आणि रंगसंस्करणाच्या प्रत्येक निर्णयात त्यांपैकी एक वाढते तेव्हा दुसऱ्याला झळ पोहोचण्याची शक्यता असते.

३.

खूण या कार्याचा आणखी काटेकोर विचार आपल्या परंपरेत गंजिफाने केलेला आहे. बाबराच्या आत्मवृत्तात १५२७ च्या सुमारास गंजिफाचा उल्लेख येतो, आणि अबुल फजल याने अकबराच्या दरबारातील पानांचे वर्णन केले आहे. मोगल गंजिफात आठ रंगांची ९६ पाने असत. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा चिन्हांची पाने, अशी एकूण १२० पाने असतात. महाराष्ट्रात सावंतवाडीने ही कला जपली. तेथील चिताऱ्यांची परंपरा क्षीण होत चालली असता शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात तिला आश्रय देऊन नवे जीवन दिले. बंगालमध्ये विष्णुपूर येथे दशावतारी तास या नावाने तीच परंपरा फौजदार घराण्याने चालवली. चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवलेले कापड, त्यावर खडूचा लेप, मग रंग आणि लाखेचा थर, ही घडण दोन्हीकडे थोड्याफार फरकाने सारखीच आहे.

गंजिफाच्या पानावरील भूमीचा रंग हा साधारणतः त्या समूहाची ओळख असतो. हातात गोल पाने पसरून धरली की चित्राचा थोडासाच भाग दिसतो; चिन्ह झाकले गेले तरी भूमीचा रंग काठाशी दिसत राहतो. खेळाडू त्यावरून पान उचलतो. म्हणजे सावंतवाडीच्या चिताऱ्याला दहा भूमिरंग असे निवडावे लागत की ते एकमेकांशेजारी, कंदिलाच्या उजेडातही, वेगळे ओळखू यावेत. आज खेळाचा रंगकर्मी पडद्यावर शत्रू, मित्र, वाट आणि धोका यांना जे वेगळेपण देऊ पाहतो, त्याचाच हा पूर्वज आहे.

या खेळात प्रकाशाचाही विचार आहे. दशावतारी गंजिफाच्या रूढ रीतीत दिवसा डाव असेल तर रामाच्या रंगाला आणि रात्री असेल तर कृष्णाच्या रंगाला अग्रमान मिळतो. बाहेरचा उजेड खेळाच्या आत नियम होऊन येतो. संगणकीय खेळात दिवस आणि रात्र यांचे चक्र असते. परंतु बहुतेक ठिकाणी ते वातावरणापुरतेच राहते. उजेड बदलला म्हणून खेळाचा मान बदलला, अशी कल्पकता क्वचित आढळते. एका जुन्या हस्तकलेने नियम आणि वातावरण यांचा जो सांधा जुळवला, तो आजच्या महागड्या साधनांना सहज साधत नाही, हे नोंदवण्याजोगे आहे.

याच ठिकाणी कृष्णाच्या रंगाची एक अडचण विचारात घेता येईल. मानवी डोळा तिन्ही प्रकाशांना सारखाच प्रतिसाद देत नाही. पडद्यासाठी रूढ असलेल्या गणनेत दृश्य उजळपणाचा सुमारे ७२ टक्के वाटा हिरव्याचा, २१ टक्के लालचा आणि केवळ ७ टक्के निळ्याचा असतो. शुद्ध निळा पूर्ण तीव्रतेने दाखवला तरी तो गडदच भासतो. रात्रीच्या दृश्यावर निळी झाक चढवण्याची रूढी खेळांत सार्वत्रिक आहे. अशा दृश्यात निळा देव ठेवला, तर तो पार्श्वभूमीत विरून जातो. मग रंगकर्मी त्याला आकाशी करतो, भोवती प्रभा देतो, किंवा कडा उजळतो. आपल्या भाषेतील 'सावळा' हा शब्द या पेचाच्या आधीच उभा आहे. सावळा म्हणजे काळा, निळा आणि करडा यांच्यामधली, उजेडाप्रमाणे बदलणारी एक कांती. ती संख्यांच्या त्रयीत बसवताना काय गमावले जाते, हे सांगण्याचे काम समीक्षकाचे आहे.

४.

आता वातावरणाकडे वळू. पाश्चात्त्य चित्रपटांत उष्ण प्रदेशांतील देशांवर पिवळट झाक चढवण्याची सवय परिचित आहे. २०२० मध्ये आलेल्या 'एक्स्ट्रॅक्शन' या चित्रपटातील ढाक्यावर अशी गडद पिवळी छाया होती, आणि तिच्यावर बरीच टीका झाली. बंगालच्या त्रिभुज प्रदेशातील एक पाणथळ, हिरवे शहर वाळवंटासारखे दिसू लागले. पिवळ्या झाकेने उष्णता सूचित होते, तशीच धूळ, अव्यवस्था आणि धोकाही. प्रेक्षकाला नकाशा न दाखवता 'आपण आता दुसऱ्या जगात आलो' असे सांगण्याचा तो स्वस्त मार्ग आहे. फ्रेझरच्या काळातील फिकट सोनेरी आकाशाचे हे कठोर झालेले रूप होय.

खेळांच्या क्षेत्रात या प्रश्नाचे जणू प्रयोगशाळेतच घडवलेले उदाहरण उपलब्ध आहे. ब्रिटनमधील क्लायमॅक्स स्टुडिओज या संस्थेने घडवलेली आणि युबिसॉफ्टने प्रकाशित केलेली 'असॅसिन्स क्रीड क्रॉनिकल्स' ही त्रयी २०१५ आणि २०१६ मध्ये आली. तिचे तीन भाग चीन, भारत आणि रशिया यांत घडतात. भारताचा भाग १८४१ मधील शीख साम्राज्य आणि कंपनी यांच्या पार्श्वभूमीवर आहे. तिन्ही भागांतील खेळाचा सांगाडा जवळजवळ सारखाच : बाजूने दिसणाऱ्या दृश्यात लपतछपत पुढे जाणे. वेगळा आहे तो मुख्यतः रंग. चीनसाठी शाईच्या कुंचल्याची करडी छटा आणि तीत तांबड्याचे शिडकावे. रशियासाठी क्रांतिकाळातील भित्तिपत्रकांचा राखी आणि लाल. भारतासाठी भडक, नक्षीदार, सणासुदीची रंगपंचमी.

हा भाग देखणा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न असा की तीन देशांच्या चित्रपरंपरांतून एकेक ठळक सूत्र उचलले आणि ते संपूर्ण देशावर पसरवले, तर स्थळ उरते काय? पंजाबच्या हिवाळ्यातील धुके, दगडी तटाचा करडेपणा, शेणाने सारवलेल्या भिंतीचा रंग यांना या सारणीत प्रवेश नाही. पिवळी धूळ आणि रंगीत उत्सव या दोन टोकांमध्येच भारत रंगवला जातो. ही दोन टोके परस्परविरोधी भासतात. वस्तुतः दोन्हीकडे साक्ष हे कार्य गळून पडलेले असते. २०१८ च्या 'हिटमन २' मधील मुंबईही भर दिवसाची आणि कोरड्या ऋतूतली आहे. गल्ल्या, झोपडवस्ती आणि अर्धवट बांधलेला मनोरा यांचे तपशील तीत परिश्रमपूर्वक उभे केले आहेत. परंतु ज्या पावसाळ्याने या शहराचा चार महिने रंगच बदलतो, तो शेवाळलेला, ओल्या सिमेंटचा, निळ्या ताडपत्र्यांचा रंग तेथे नाही.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की खेळ ही कल्पित सृष्टी आहे. तिच्याकडून वनस्पतिशास्त्राच्या चित्राची अचूकता का मागावी? आक्षेप रास्त आहे. कल्पित सृष्टीला रंग बदलण्याचा पूर्ण अधिकार आहे. मात्र जेव्हा खेळ एखाद्या खऱ्या स्थळाचे नाव घेतो, तेव्हा तो त्या नावाची पत वापरतो. नाव खरे आणि रंग ऐकीव, हा व्यवहार एकतर्फी होतो. शिवाय ज्याने ते स्थळ पाहिलेले नाही, अशा दूरच्या खेळाडूच्या मनात तोच रंग स्थळाचे ज्ञान म्हणून रुजतो. गार्डन रीचवर उद्या एखादा खेळ निघाला, तर त्याच्यापुढे पर्याय अनेक असतील : बागबंगल्यांचा सोनेरी, नवाबी स्मृतीचा जरतारी, गोदीचा गंजका, मटियाबुर्जच्या शिवणकामाच्या कारखान्यांतील थानांचा रंगीबेरंगी, भरतीच्या नदीचा मातकट. यांतील कोणताही एक घेऊन इतर पुसणे म्हणजे त्या वस्तीत राहणाऱ्या कामगाराला आणि शिंप्याला त्याच्याच गल्लीत अनोळखी करणे होय.

५.

या पार्श्वभूमीवर पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या 'राजी : अॅन एन्शंट एपिक' या खेळाचा विचार अगत्याचा ठरतो. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा प्रयत्न फसल्यानंतरही संस्थेने काम सोडले नाही, आणि २०२० मध्ये हा खेळ प्रसिद्ध झाला. राजी ही मुलगी आपल्या हरवलेल्या भावाचा, गोलूचा, शोध घेत असुरांशी लढते, हे त्याचे कथासूत्र. वास्तुरचनेसाठी राजस्थान, रंगलेखनासाठी पहाडी लघुचित्रे आणि कथाभागासाठी छायाबाहुल्या, असे आधार त्यात घेतलेले आहेत. वस्तूंचे पोत हाताने रंगवलेले आहेत आणि खेळ अनरीअल इंजिनवर उभा आहे.

येथे एक मूलभूत तांत्रिक पेच उद्भवतो, तो समीक्षेच्याही दृष्टीने महत्त्वाचा आहे. पहाडी चित्रातील रंग सपाट असतो. त्यात वस्तूची सावली जमिनीवर पडत नाही. प्रकाश सर्वत्र सारखा, जणू रंगातूनच निघालेला. त्रिमितीय खेळात मात्र गणिताने काढलेला प्रकाश एका दिशेने येतो आणि प्रत्येक पृष्ठावर सावली टाकतो. हाताने रंगवलेल्या पोतावर हा प्रकाश पडला की एकच भिंत दोनदा उजळते : एकदा कुंचल्याने, एकदा यंत्राने. रंगसंस्करणाचे काम या दोन उजेडांत समेट घडवण्याचे आहे. 'राजी'मध्ये दूरवर स्थिर ठेवलेल्या दृष्टिकोनामुळे हा समेट पुष्कळ अंशी साधतो. दृश्य लघुचित्रासारखे एका नजरेत सामावते, आणि रंगांची भूमी मोठ्या सलग पट्ट्यांत वाचता येते. छायाबाहुल्यांच्या प्रसंगांत तर पेचच उरत नाही, कारण तेथे प्रकाश आणि सावली हाच मूळ कलेचा आशय आहे. खेळाचे ते सर्वांत निर्दोष भाग होत.

लढाईच्या प्रसंगी मात्र समतोल ढळतो. अस्त्रांचा लखलखाट हा आधुनिक खेळांच्या सर्वसाधारण भाषेतला आहे. त्याचे लघुचित्राच्या संयत रंगयोजनेशी नाते जुळत नाही. त्या क्षणी खूण आपले काम करते, कारण वार कोठून आला हे कळते. परंतु वातावरण विस्कटते. हा दोष एकट्या 'राजी'चा नव्हे. नियम आणि परंपरा यांना एकाच रंगपेटीतून बोलते करण्याची रीत अद्याप आपल्याकडे घडायची आहे, एवढेच त्यातून दिसते. गंजिफाच्या चिताऱ्याजवळ ती रीत होती, कारण त्याच्यासाठी खूण आणि चित्र ही दोन वेगळी कामे नव्हती.

आणखी एक प्रश्न येथे आदरपूर्वक विचारावासा वाटतो. पुण्यातील संस्थेने हिमालयातील रंग आणि राजस्थानातील दगड निवडला. कलावंताची निवड स्वतंत्र असते. तरीही सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाकडे चित्रकथी आहे, चामड्याच्या छायाबाहुल्या आहेत; शेजारी सावंतवाडीला गंजिफा आहे. गेरूचा, हळदीचा, काजळीचा हा रंगसंसार खेळाच्या पडद्यावर अजून आलेला नाही. जगाच्या बाजारात 'भारतीय' म्हणून चटकन ओळखले जाणारे रंग जवळ करावे लागतात, ही विवशता त्यामागे असू शकते. ती असेल, तर बाहेरून लादलेली सारणी आणि आपण आपखुशीने स्वीकारलेली सारणी यांत अंतर किती, हा प्रश्न आपल्याला टाळता येणार नाही.

६.

या विवेचनातून खेळचित्रांच्या रंगाची पारख करण्याचे तीन प्रश्न हाती येतात. हा रंग खेळाडूला काय सांगतो? तो कोणती मनोवस्था घडवतो? आणि ज्या स्थळाचे वा परंपरेचे नाव तो घेतो, तिच्याविषयी खरे बोलतो काय? तिन्ही प्रश्नांना प्रत्येक खेळाने सारखेच उत्तर द्यावे असा आग्रह नाही. बुद्धिबळाच्या पटाला साक्षीचे ओझे नसते. परंतु स्थळाचे नाव घेणाऱ्या खेळाने तिसरा प्रश्न झटकला, तर त्याच्या रंगसौंदर्याची स्तुती करताना समीक्षकाने हात आखडता घ्यावा.

येथे एक व्यावहारिक मर्यादा मान्य केली पाहिजे. प्रत्येकाचा पडदा वेगळा रंग दाखवतो. १९९६ मध्ये संगणकाच्या पडद्यांसाठी एक सामायिक रंगप्रमाण सुचवले गेले आणि ते पुढे आंतरराष्ट्रीय मानकही झाले. तरी स्वस्त भ्रमणध्वनी आणि महाग दूरचित्रवाणी संच यांवर एकच दृश्य एकसारखे दिसत नाही. त्यामुळे अमुक एक छटा चुकली, असे विधान जपूनच करावे. रंगांचे परस्परसंबंध मात्र बव्हंशी टिकून राहतात : आकाशाच्या मानाने नदी किती गढूळ, भिंतीच्या मानाने माणसाची कांती किती सावळी. पारख या संबंधांची करता येते, आणि तीच करावी.

भाषेच्या अभ्यासकांना या क्षेत्रात करण्याजोगे एक काम आहे. खेळाच्या कार्यशाळेत रंग सहा अंकाक्षरांच्या संकेताने ओळखला जातो. तो संकेत नेमका असतो. पण रंग कोठून आला, हे तो सांगत नाही. मराठीत डाळिंबी, आमसुली, अबोली, कुसुंबी, मोरपंखी, शेंदरी, गुलबक्षी, लिंबोणी, राखाडी, मातकट अशी नावे आहेत. प्रत्येक नावात एक वस्तू आहे, आणि वस्तूबरोबर तिचा पोत, तिचा ऋतू, तिच्यावर पडणारा उजेड आहे. आमसुली म्हणताना आपण केवळ काळपट तांबड्याविषयी बोलत नाही. उन्हात वाळलेल्या सालीचा सुरकुतलेला, किंचित चमकणारा रंग आपल्याला अभिप्रेत असतो. अशा नावांचा कोश, त्यांच्या प्रत्यक्ष वस्तूंच्या नमुन्यांसह आणि मोजलेल्या संकेतांसह, तयार झाला, तर पुण्यातील वा कोलकात्यातील एखाद्या रंगकर्मीला कळा फिरवताना मूळ वस्तूकडे परत जाता येईल. बंगाली भाषेतही अशी नावे विपुल आहेत. दोन्ही भाषांच्या विभागांनी मिळून हे काम हाती घेणे शक्य आहे.

सावंतवाडीच्या चिताऱ्याने भूमिरंग निवडताना खेळणाऱ्याच्या हाताचा विचार केला आणि शिबपूरच्या चित्रकाराने पाकळी रंगवताना झाडाचा. लंडनमधील कारागिरासमोर ग्राहक होता. आज रंगसारणी तयार करणाऱ्यापुढे हे तिघेही उभे असतात. त्याने कोणाचे ऐकले, हे पडद्यावर दिसते. ते वाचण्याची सवय मराठी समीक्षेने आता लावून घ्यायला हवी.